शेजाऱ्याला पटवून द्या

हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एरिक मझुर या प्राध्यापकांनी १९९० च्या सुमारास आपल्या वर्गाला एक चाचणी दिली. मझुर मूळचे नेदरलँड्सचे. १९८४ पासून ते हार्वर्डमध्ये शिकवत होते. विद्यार्थ्यांचे अभिप्राय उत्तम येत, परीक्षेतली अवघड गणिते मुले सोडवून दाखवत. आपण चांगले शिकवतो असे मानायला त्यांना भरपूर आधार होता. मग अॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनेस यांचे १९८५ चे संशोधन त्यांच्या वाचनात आले. गतीविषयीच्या ज्या चुकीच्या कल्पना घेऊन विद्यार्थी महाविद्यालयात येतात, त्या न्यूटनचे नियम शिकवून झाल्यावरही बहुतांशी तशाच राहतात, असे त्या दोघांना आढळले होते. हार्वर्डच्या मुलांचे तसे नसणार, हे दाखवण्यासाठी मझुर यांनी तीच चाचणी वर्गात आणली.

चाचणीत आकडेमोड नव्हती. जड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली तर कोण कोणावर अधिक बल लावते, अशा धर्तीचे साधे प्रश्न होते. न्यूटनचा तिसरा नियम वर्गात सगळ्यांना तोंडपाठ होता आणि त्या नियमाप्रमाणे दोन्ही बले सारखीच. तरीही ट्रकचे बल जास्त, असे उत्तर अनेकांना खरे वाटत होते. उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहायची की एरवी आम्हाला जसे वाटते त्याप्रमाणे, असा प्रश्न त्याच वर्गातून आला. मझुर हा प्रसंग आजही सांगतात. त्या एका प्रश्नात उच्च शिक्षणाचे मोठे दुखणे उघडे पडले होते. विद्यार्थ्याच्या डोक्यात दोन वेगळी खाती होती, एक परीक्षेसाठी आणि एक जगण्यासाठी, आणि इतक्या शिकवण्याने दुसऱ्या खात्याला हातही लागला नव्हता.

निकाल खूपच खाली लागला. मझुर यांनी पुढे सर्किटच्या विषयावर आणखी एक तपासणी केली. एकाच प्रश्नपत्रिकेत दोन प्रश्न ठेवले. एकात दोन वेढ्यांचे सर्किट देऊन विद्युतधारा काढायची होती: नियम लिहा, समीकरणे मांडा, उत्तर काढा. दुसऱ्यात बॅटरीला जोडलेले सारखे दिवे आणि एक कळ होती. कळ दाबली की कोणता दिवा जास्त उजळेल, कोणता विझेल, एवढेच सांगायचे होते. शिक्षकाच्या दृष्टीने दुसरा प्रश्न क्षुल्लक. पण समीकरणांच्या प्रश्नात चांगले गुण मिळवणारे कित्येक विद्यार्थी दिव्यांच्या प्रश्नात चुकले. गणित सुटत होते ते रीत पाठ होती म्हणून. वीज तारेतून कशी वाहते याचे चित्र त्यांच्या मनात तयारच झाले नव्हते.

आपल्याकडे ज्याने अभियांत्रिकी, वाणिज्य किंवा व्यवस्थापनाच्या वर्गात थोडा काळ काढला आहे, त्याला हे ओळखीचे वाटेल. नफातोटा पत्रक आणि ताळेबंद बिनचूक जुळवणारा विद्यार्थी, कंपनीला भरपूर नफा होत असूनही पगाराला पैसे का नाहीत, या प्रश्नापुढे थांबतो. उधारीवर विकलेल्या मालाचा नफा वहीत दिसतो, पैसा मात्र गिऱ्हाइकाकडे अडकलेला असतो. प्रत्येक किराणा दुकानदाराला हे कळते. पण प्रश्न तसा विचारला जात नाही, म्हणून शिकतानाही कुणी तसा विचार करत नाही.

मझुर यांना उपाय सापडला तो थोडा अपघातानेच. चाचणीतल्या एका प्रश्नावर वर्ग अडला होता. त्यांनी फळ्यावर समजावून सांगितले, चेहरे कोरेच राहिले. दुसऱ्या पद्धतीने सांगितले, तरी तेच. शेवटी ते म्हणाले, आपसात बोला. वर्गात एकदम गलका उठला आणि काही मिनिटांत बहुतेकांना उत्तर कळले होते. इतका वेळ खपून शिक्षकाला जे जमले नाही ते शेजारच्या बाकावरच्या मुलाने केले. याचे कारण मझुर यांनी नेमके हेरले. ज्याला एखादी गोष्ट नुकतीच कळली आहे त्याला आपण कुठे अडखळलो होतो ते आठवत असते. वीस वर्षे तोच विषय शिकवणाऱ्याला ती अडचण आठवतही नाही, मग ती तो दूर कशी करणार?

या अनुभवातून जी पद्धत उभी राहिली तिच्यावर त्यांनी १९९७ मध्ये पुस्तक लिहिले. पद्धत अशी: शिक्षक सात ते दहा मिनिटे एक कल्पना मांडतो. मग एक प्रश्न पडद्यावर येतो, तीन-चार पर्यायांचा, ज्याचे उत्तर सूत्रात आकडे घालून निघत नाही. विद्यार्थी एक-दोन मिनिटे एकट्याने विचार करून आपला पर्याय ठरवतो आणि मत नोंदवतो. फार थोड्यांचे उत्तर बरोबर असेल तर शिक्षक कल्पना पुन्हा समजावतो. जवळपास सगळ्यांचे बरोबर असेल तर पुढे जातो. पण साधारण तीस ते सत्तर टक्के बरोबर असतील, तर तो सांगतो: तुमच्यापेक्षा वेगळे उत्तर असलेला शेजारी शोधा आणि त्याला पटवून द्या. दोन-चार मिनिटांनी पुन्हा मतदान आणि मग उलगडा.

मझुर आपल्या व्याख्यानांत एक प्रश्न आवर्जून घेतात. धातूच्या पत्र्याला मधोमध गोल भोक आहे. पत्रा सगळीकडून सारखा तापवला तर भोक मोठे होईल, लहान होईल, की तेवढेच राहील? धातू प्रसरण पावतो, म्हणजे तो आतल्या बाजूलाही पसरेल आणि भोक लहान होईल, असे सुशिक्षितांनाही वाटते. हाच प्रश्न महाराष्ट्रातल्या एखाद्या वर्गात विचारला आणि त्या वर्गात बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिलेला कुणी असला, तर चर्चेला वेगळेच वळण लागेल. चाकापेक्षा किंचित लहान केलेली लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात तापवतात, लाल झाली की पक्कडींनी धरून लाकडी चाकावर बसवतात आणि लगेच पाणी ओततात. तापल्यावर आतले वर्तुळ लहान झाले असते तर ती चाकावर चढलीच नसती. हे पाहिलेल्या विद्यार्थ्याला सूत्राची गरज नाही. शेजाऱ्याला तो धावेची हकीकत सांगेल, आणि धातूचा प्रत्येक कण आपल्या शेजारच्या कणापासून दूर सरकतो, भोकाच्या काठावरचेही कण त्याला अपवाद नाहीत, हे शिक्षकाचे स्पष्टीकरण मग दोघांच्याही मनात बसेल. आधी कोड्यात पडल्याशिवाय ते स्पष्टीकरण नुसते वाक्य राहिले असते.

शिक्षकाच्या मनात इथे रास्त शंका येते. वर्गात एक-दोन हुशार असतात, बाकीचे त्यांचे ऐकून मत बदलतात, त्यात शिकणे ते काय? कोलोराडो विद्यापीठात मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी जनुकशास्त्राच्या वर्गात हे तपासले आणि २००९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मांडले. चर्चेनंतर त्यांनी त्याच कल्पनेवरचा दुसरा प्रश्न दिला आणि तो प्रत्येकाने एकट्याने सोडवायचा होता. उत्तरे सुधारली. चर्चेआधी गटातल्या कुणालाच उत्तर येत नव्हते अशा ठिकाणीही सुधारणा दिसली. म्हणजे नक्कल होत नव्हती, बोलता बोलता विचार घडत होता.

मोठ्या संख्येवरचे पुरावेही आहेत. इंडियाना विद्यापीठाच्या रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये पदार्थविज्ञानाच्या ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांची माहिती एकत्र केली. सुरुवातीला जे येत नव्हते त्यातले किती टक्के शेवटी येऊ लागले, अशी त्यांची मोजण्याची रीत होती. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत हा आकडा सरासरी २३ टक्के निघाला, विद्यार्थ्यांना बोलायला आणि करायला लावणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या स्कॉट फ्रीमन यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातले २२५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के आणि सक्रिय वर्गात २१.८ टक्के होते. शंभरातली ती बारा मुले म्हणजे आपल्या भाषेत बारा केट्या, बारा घरांतला एका वर्षाचा खर्च, आणि कितीदा तरी सुटलेले शिक्षण.

पुरावा इतका ठळक असेल तर जगभरातले वर्ग अजून व्याख्यानांनीच का भरलेले आहेत? आळस, मोठे वर्ग, अपुरा पगार ही कारणे आहेतच. पण सगळ्यात खोल कारण मला वेगळे वाटते. चांगले शिकताना आपल्याला बरे वाटत नाही आणि बरे वाटते तेव्हा आपण बहुधा कमी शिकत असतो.

हार्वर्डमध्येच लुई डेलॉरियर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांचे दोन गट होते. एका विषयावर पहिल्या गटाने अनुभवी शिक्षकाचे सफाईदार व्याख्यान ऐकले, दुसऱ्याने तोच मजकूर गटांत झगडून सोडवला. पुढच्या विषयाला अदलाबदल. हातात दिलेले कागद दोघांना सारखेच. चाचणीत झगडणारे पुढे होते. पण तुम्ही किती शिकलात असे विचारल्यावर व्याख्यान ऐकणाऱ्यांनी स्वतःला जास्त गुण दिले. सुंदर व्याख्यानाचा ओघ ऐकणाऱ्याला आपल्याच आकलनाचा ओघ वाटतो. हे घडायला विद्यार्थी बेपर्वा असावा लागत नाही. मन लावून ऐकणाऱ्याचीही अशी फसगत होते.

घरी अभ्यास करतानाही तेच. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार टप्प्यांत वाचला. दुसऱ्या गटाला वाचनाचा एकच टप्पा मिळाला आणि पुढचे तीन टप्पे कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिण्यात गेले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्यानंतर वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले, आठवून लिहिणारे ६१ वर टिकले. आणि आपल्याला आठवड्यानंतरही चांगले आठवेल असा विश्वास जास्त कुणाला होता? वाचणाऱ्यांना.

परीक्षेच्या आदल्या रात्री आयएमपी प्रश्नांचे झेरॉक्स पुन्हा पुन्हा वाचणारा आपला विद्यार्थी याच आकड्यांत आहे. सकाळच्या पेपरापुरते त्याचे गणित चुकत नाही, तेव्हा त्याला बोल लावता येत नाही. परीक्षा पाच मिनिटांनंतरचीच असते. पुढच्या सत्रात त्या विषयावर उभा असलेला विषय सुरू होतो आणि खालची जमीन गायब असते. तेव्हा शिक्षक म्हणतात, मुलांना बेसिकच येत नाही.

शिक्षकाची पारख करतानाही हाच घोळ होतो, आणि याविषयीचा अभ्यास प्रत्येक प्राचार्यांनी वाचावा असा आहे. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थ्यांना शिक्षक निवडता येत नाही, वाटप यादृच्छिक असते आणि एका विषयाची परीक्षा सगळ्यांना सारखी असते. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी २०१० मध्ये तिथल्या गणिताच्या नोंदी तपासल्या. ज्या शिक्षकांची मुले त्या सत्राच्या परीक्षेत चमकत, त्यांना विद्यार्थी अभिप्रायांत चांगले गुण देत. पण त्याच मुलांची पुढच्या, त्यावर आधारलेल्या विषयांतली कामगिरी कमी पडत होती. पाया घट्ट करणारे अनुभवी शिक्षक मात्र अभिप्रायांत मागे राहत. आपल्याकडे नॅकच्या मूल्यमापनात विद्यार्थ्यांच्या समाधानाचे सर्वेक्षण असते, महाविद्यालये स्वतःचे फीडबॅक फॉर्मही भरून घेतात. विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकावेच. शिक्षक वेळेवर येतो का, अपमान करतो का, वह्या तपासतो का, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसते. पण मी किती शिकलो या प्रश्नावर त्यांचे उत्तर पुरावा म्हणून धरू नये.

व्यवस्थापन शिक्षणाने व्याख्यानाला पर्याय फार पूर्वीच शोधला होता. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ मध्ये सुरू झाले. १९१९ मध्ये तिथे डीन झालेले वॉलेस डोनम कायद्याचे पदवीधर होते. हार्वर्डच्या कायदा विद्यालयात ख्रिस्तोफर लँगडेल यांनी १८७० च्या दशकातच प्रत्यक्ष खटल्यांवरून शिकवण्याची रीत रुजवली होती. डोनम यांनी तीच रीत व्यापाराच्या शिक्षणात आणायचे ठरवले आणि १९२१ मध्ये जनरल शू कंपनीवरची पहिली केस लिहिली गेली. एका खऱ्या संस्थेपुढचा खरा पेच, निर्णय घेणारी व्यक्ती, तिच्यापुढची अपुरी माहिती, आणि प्रश्न एकच: तुम्ही काय कराल? १९४० मध्ये तिथल्या चार्ल्स ग्रॅग यांनी शहाणपण सांगून देता येत नाही, या आशयाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. केसच्या शिक्षकांत तो आजही वाचला जातो.

भारतात ही पद्धत अहमदाबादमार्गे आली. डिसेंबर १९६१ मध्ये विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने आयआयएम अहमदाबाद स्थापन झाले ते हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या सहकार्याने. रवी मथाई यांच्यासारख्या पहिल्या पिढीच्या संचालकाने तिथे शिक्षकांना स्वातंत्र्य देणारी संस्कृती घडवली आणि भारतीय उद्योगांवरच्या केस लिहिणे हे तिथल्या प्राध्यापकांचे नेमाचे काम झाले.

पुढे गावोगावी एमबीएची महाविद्यालये निघाली. केस तिथेही पोचली, पण तिचा गाभा वाटेत सांडला. अनेक वर्गांत केसचा तास म्हणजे चार जणांचा गट पीपीटी करतो, कंपनीचा इतिहास वाचून दाखवतो, बलस्थाने आणि उणिवांचा तक्ता भरतो, टाळ्या होतात. निर्णय कुणी घेतलेलाच नसतो. जिथे चर्चा होते तिथेही इंग्रजीत सराईतपणे बोलणारे पाच-सहा जण तास भरून काढतात आणि बाकी पन्नास ऐकून घेतात. त्या पन्नास जणांसाठी ते व्याख्यानच असते, फक्त व्याख्याते पाच.

मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्डच्या स्टीफन थॉम्के यांनी २०१० मध्ये लिहिलेली केस उदाहरणाला घेऊ. मराठी विद्यार्थ्याला ती शिकवणे सगळ्यात अवघड, कारण त्याला ती आधीच माहीत असते. झाकणावरची रंगीत अक्षरे आणि आकडे, लोकलचा प्रवास, मावळ-खेड-जुन्नरकडची माणसे, सिक्स सिग्माची कथा, सगळे वर्ग एका सुरात सांगतो. अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान योग्यच आहे. पण त्यातून व्यवस्थापन शिकायचे तर शिक्षकाने पेच घालावा: एका ऑनलाइन विक्री कंपनीने डबेवाल्यांना दुपारच्या वेळेत पार्सले पोचवण्याचे काम देऊ केले आहे, डब्यामागे मिळतात त्यापेक्षा बरे पैसे. घ्यायचे का? प्रत्येकाने वर्गात येण्यापूर्वी हो किंवा नाही आणि त्याचे एक कारण, अर्ध्या पानात लिहून आणावे. शिक्षकाने ते कागद गोळा करावेत, मते मोजावीत, आणि उलट मताचा शेजारी शोधून त्याला पटवायला सांगावे.

आता खरे व्यवस्थापन बाहेर येते. डबा साधारण एका आकाराचा असतो म्हणून लाकडी खोक्यात किती बसतील हे ठरलेले असते. पार्सल कसल्याही आकाराचे असू शकते. लोकल स्टेशनवर अर्धा-पाऊण मिनिट थांबते, तेवढ्यात खोकी चढली पाहिजेत. डबा रोज त्याच पत्त्यावर जातो, पार्सलाचा पत्ता रोज नवा, मग झाकणावरच्या खुणेचा उपयोग किती? गट छोटे, प्रत्येक गटाचा मुकादम वेगळा, कमाई वाटून घेण्याची रीत वेगळी. काम कोणत्या गटाने घ्यायचे आणि जास्तीचे पैसे कुणाचे? उलट बाजूने, घरून काम वाढल्यावर डबेच कमी झाले तर या माणसांनी काय करायचे? दोन्ही बाजूंना वजनदार कारणे आहेत. कागदावर आधी मत लिहिलेला विद्यार्थी ती कारणे ऐकताना स्वतःची चूक किंवा स्वतःचे बळ तपासत असतो. मत न लिहिलेला नुसता ऐकतो.

एका केसवरून निघालेला धडा त्याच केसला चिकटून राहतो, ही या पद्धतीची दुसरी कमजोरी. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जेफ्री लोवेन्स्टाइन, ली थॉम्पसन आणि डिड्रे गेंटनर यांनी व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना वाटाघाटींची एक युक्ती शिकवली. भविष्याबद्दल दोन पक्षांचे अंदाज वेगळे असतील तर भांडत बसण्यापेक्षा करारच त्या भविष्याला बांधायचा. बिल्डर म्हणतो फ्लॅट दसऱ्याला तयार, घेणाऱ्याला ते पटत नाही. मग उशिराच्या प्रत्येक महिन्याला ठरावीक रक्कम कापायची असे लिहून घ्यायचे. ज्याला आपल्या अंदाजाची खात्री आहे त्याला अशा अटीचे भय नसते. सगळ्या विद्यार्थ्यांनी ही युक्ती दाखवणाऱ्या दोन केस वाचल्या. काहींनी एकेक वेगळी अभ्यासली, काहींना दोन्ही शेजारी ठेवून त्यांच्यातले साम्य लिहायला सांगितले. नंतरच्या नव्या वाटाघाटीत तुलना करणाऱ्यांनी ती युक्ती जवळपास तिप्पट प्रमाणात वापरली. वाचायला तेवढ्याच केस दिल्या होत्या, वाढली होती ती एका प्रश्नाची मेहनत. म्हणून डबेवाल्यांच्या केसशेजारी अमूलच्या गावपातळीवरच्या दूधसंकलनाची केस ठेवावी आणि विचारावे: रोजची ठरलेली वेळ, साधी मोजणी, स्थानिक लोकांच्या हातातला कारभार, यांतले दोन्हीकडे समान काय आणि कशामुळे?

आता आपल्या साध्या महाविद्यालयाकडे येऊ. वर्ग ऐंशी जणांचा, प्रोजेक्टर कधी चालतो कधी नाही, पोर्शन मोठा. अमेरिकेतल्या वर्गांत मतदानासाठी हातात धरायची उपकरणे असतात. आपल्याला त्यांची गरज नाही. कॅनडातल्या नॅथॅनियल लॅस्री यांनी उपकरणे आणि साधी कागदी कार्डे यांची तुलना २००८ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा शिकण्यात फरक पडला नव्हता. अ, ब, क, ड लिहिलेले चार रंगांचे पुठ्ठे पुरतात. तेही नसतील तर छातीशी धरलेली बोटे, म्हणजे मागच्याला दिसत नाहीत आणि पुढे उभ्या शिक्षकाला दिसतात. मत आधी एकट्याने द्यायचे, मग बोलायचे, हा क्रम मात्र मोडू नये. तो मोडला की पुन्हा पाच जण बोलतात आणि बाकीचे मान डोलावतात.

पोर्शनचे काय, हा प्रश्न शिक्षक पोटतिडकीने विचारतात. मझुर यांनी त्याचे उत्तर सरळ दिले: पुस्तकात जे लिहिले आहे ते वर्गात वाचून दाखवायचे नाही. विद्यार्थ्यांनी वाचून यायचे, आणि वाचले की नाही हे छोट्या प्रश्नांनी पाहायचे. आपल्याकडे हे एका दिवसात होणार नाही. पण आठवड्यातल्या चार तासांपैकी एक तास असा घेता येतो. व्याख्यान टाकून द्यायचे नाही. डॅनियल श्वार्ट्झ आणि जॉन ब्रान्सफर्ड यांनी १९९८ मध्ये दाखवले की विद्यार्थ्यांनी आधी उदाहरणांशी झटापट केली असेल तर त्यानंतरचे व्याख्यान फार खोल जाते. ज्याला प्रश्न पडलेला आहे त्याच्यासाठी चांगल्या वक्त्याइतके उपयोगाचे दुसरे काही नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी मला ही पद्धत विशेष महत्त्वाची वाटते. पदवीचा अभ्यास इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत, फळ्यावरचा मजकूर इंग्रजीत. कळले नाही हे सांगायलाही इंग्रजी लागेल या धास्तीने कितीतरी मुले तीन वर्षे गप्प बसून पदवी घेतात. शेजाऱ्याशी बोलायच्या त्या तीन मिनिटांत ती मराठीत बोलतात. इन्फ्लेशन म्हणजे नेमके काय याची फोड ती तेल-डाळीच्या भावांवर करतात, डेप्रिसिएशनची फोड काकाच्या ट्रॅक्टरवर. इंग्रजी संज्ञेखाली अर्थाची जमीन तयार होते आणि मग इंग्रजी उत्तरही सुधारते. शिक्षकाने ही मराठी थांबवू नये. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एलि थिओबाल्ड आणि सहकाऱ्यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासातही, सक्रिय वर्गांत वंचित गटांतले विद्यार्थी आणि इतर यांच्या परीक्षेतल्या गुणांमधले अंतर एक तृतीयांशाने कमी झालेले दिसले. गप्प बसायची मुभा काढून घेतली की सगळ्यात जास्त फायदा जो गप्प बसत होता त्याचा होतो.

विद्यापीठाची परीक्षा बदलणे एकट्या शिक्षकाच्या हातात नसते, अंतर्गत गुण मात्र असतात. ते जर्नलच्या सुबक अक्षरावर आणि ऐनवेळच्या सबमिशनवर खर्च होतात. त्यातला निम्मा हिस्सा दर आठवड्याच्या पाच मिनिटांच्या लेखी प्रश्नांना द्यावा, आणि त्या प्रश्नांत दोन गेल्या आठवड्यातले, एक महिन्यापूर्वीचा, एक पहिल्या धड्यातला असावा. पुस्तक बंद. तपासणीचा भार नको असेल तर शेजाऱ्याकडून तपासून घ्यावे. विद्यार्थी कुरकुर करतील, कारण जुने विसरल्याचे दर आठवड्याला उघड होईल. विसरलेले पुन्हा ओढून आणण्याच्या कष्टातच ते पक्के होत असते.

म्हणून सत्राच्या पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना हे सगळे सांगून टाकावे. डेलॉरियर्स यांनी आपल्या प्रयोगानंतर तेच केले. सक्रिय वर्गात शिकणे जास्त होते पण कमी झाल्यासारखे वाटते, हे सुरुवातीलाच आकड्यांसह मांडल्यावर विद्यार्थ्यांचा विरोध मावळला. आपल्या वर्गात आकडे आपले असावेत. पहिल्या तासाला पाठ्यपुस्तकातले एक पान द्यावे. अर्ध्या वर्गाने ते पंधरा मिनिटे पुन्हा पुन्हा वाचावे, उरलेल्यांनी पाच मिनिटे वाचून दहा मिनिटे पान उलटे ठेवून आठवेल ते लिहावे. कुणाला जास्त आठवेल असे वाटते, हे हात वर करून विचारावे आणि तो आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा. पुढच्या आठवड्यात न सांगता त्या पानावर दहा प्रश्न विचारावेत आणि दोन्ही गटांची सरासरी विद्यार्थ्यांनाच काढायला लावावी.